बिनसर्व्हरचं फंक्शन

ठकी: बाबा, हे काय? नॅपकिनची बदकं कोणी केली?

बाबा: हंस आहेत ते. चहा आपण साखरेचा घेणार, की बिनसाखरेचा?

ठकी: आपण? आत्या, यांना काय झालंय?

आत्या: मला नको विचारू. मी काय, या घरात नुसती थोरली बहीण. मला कोण सांगतंय!

ठकी: बाबा रागावले की कामावरचं, हॉलमधलं बोलायला लागतात. मागे मी स्कूटर भिंतीला घासली तेव्हा आठवडाभर जेवण झाल्यावर येऊन विचारायचे, "सगळं व्यवस्थित होतं ना, मॅडम?"

बाबा: विचारणं आमचं कामच आहे, मॅडम.

ठकी: गेलं! मॅडमवर आले. म्हणजे फारच रागावलेत. काय केलंय मी?

आत्या: सांग रे बाबा, सांगून टाक. कालपासून तोंड एवढंसं करून बसलायस. सकाळपासून सगळे नॅपकिन संपवलेस. आता पडद्यांना हात लावशील.

बाबा: मला काही बोलायचं नाही. एकच विनंती आहे. माझ्या शर्टावरचा हा बिल्ला आपण जरा मोठ्यानं वाचावा.

ठकी: "मुख्य सर्व्हर."

बाबा: पुन्हा एकदा.

ठकी: मुख्य सर्व्हर. बाबा, मला पाठ आहे हो. नवे मॅनेजर आले, म्हणाले वेटर शब्द जुना झाला, यापुढे सगळ्यांनी सर्व्हर म्हणायचं. बिल्ला मिळाला त्या दिवशी तुम्ही तो झोपतानाही काढला नव्हता. सकाळी गालावर उलटं "सर्व्हर" उमटलं होतं.

बाबा: आणि काल संध्याकाळी गॅलरीत उभं राहून, फोनवर, आपण काय म्हणालात?

ठकी: काल? काल मी ऑफिसचं बोलत होते.

आत्या: मी सांगते. मी झाडांना पाणी घालत होते. ऐकत नव्हते हं. कानावर आलं.

ठकी: आत्या, मी तासभर बोलत होते.

आत्या: झाडं तहानलेली होती! तू ऑफिसातल्या त्या चष्मेवाल्याला म्हणालीस, "शनिवारी आपलं फंक्शन लाइव्ह करायचं, आणि मला ते सर्व्हरलेसच हवंय."

ठकी: हो. मग?

बाबा: ऐकलंस, ताई? "हो, मग?" म्हणतेय.

ठकी: अहो, पण त्यात रागावण्यासारखं काय आहे? हल्ली सगळे तसंच करतात. सर्व्हर ठेवायचा म्हणजे केवढी कटकट. काम असो नसो, दिवसभर आपला उभा.

बाबा: उभा असतो, बरोबर आहे. पाहुण्यांसमोर बसायची पद्धत नाही.

ठकी: तापतो.

बाबा: माणूस आहे. कधीकधी तापतो.

ठकी: ऐन गर्दीत बंद पडतो. मग त्याच्याकडे बघायला आणखी एक माणूस लागतो.

बाबा: एकदा! आयुष्यात एकदा चक्कर आली मला, तीही उपाशी होतो म्हणून. ते आपण आज असं काढणार?

ठकी: तुमची चक्कर मध्येच कुठून आली? मी सर्व्हरबद्दल बोलतेय.

बाबा: मीही.

आत्या: आणि वर काय म्हणालीस? "फंक्शन एकदम हलकं ठेवू." हलकं! अगं, या घरातलं किती वर्षांनी फंक्शन, आणि ते हलक्या प्रतीचं? माणसं काय म्हणतील?

ठकी: हलकं म्हणजे वजनानं हलकं!

आत्या: फंक्शनचं वजन कोण करतंय?

ठकी: मी करते. जितकं हलकं तितकं चटकन चालतं. एकच काम करायचं आणि मोकळं व्हायचं. पसारा नको.

आत्या: पसारा म्हणजे आम्ही.

ठकी: तुम्ही कुठून आलात त्यात?

आत्या: तेच तर विचारतोय आम्ही. आम्ही आहोत का त्यात?

ठकी: नाही! तुमचा काय संबंध?

बाबा: ताई, माझा काळा कोट आण गं. मी निघतो. चहा टेबलावर आहे, मॅडम. बिस्किटं डाव्या हाताला.

ठकी: बाबा, बसा. कोट राहू दे. आज तुमची दुपारची पाळी आहे, मला माहितीये. बसा म्हणते ना! मला नीट कळू दे. तुम्हाला माझ्या ऑफिसच्या कामाचा एवढा राग का आलाय?

आत्या: ऑफिसचं काम? आता लग्नालाही ऑफिसचं काम म्हणायला लागले का लोक?

ठकी: लग्न? कोणाचं?

आत्या: तुझं! त्या चष्मेवाल्याशी. सगळं कळलंय आम्हाला. आणि मुलगा कसा आहे तेही तूच सांगितलंस.

ठकी: काय सांगितलं मी?

आत्या: "ते दिवसभर झोपलेलं असतं," म्हणालीस. "बोलावलं की उठतं, विचारलं तेवढ्याचं उत्तर देतं, आणि परत झोपतं."

ठकी: अगं आत्या, "झोपतं" म्हटलं मी. नवरा असता तर "झोपतो" म्हटलं नसतं का?

आत्या: मी म्हटलं, बिचारं गरीब दिसतंय. आपण नाही का म्हणत, "पोर साधं आहे, कोणाच्या अध्यात ना मध्यात"? तसं.

बाबा: मी ताईला म्हणालो, झोपाळू असला तर असू दे. दिवसभर काम करून थकत असेल.

आत्या: पण पुढचं ऐक ना! "त्याच्या डोक्यात काहीच राहत नाही," म्हणालीस. "मघाशी काय बोललो तेही त्याला आठवत नाही. दर वेळी सगळं नव्यानं सांगायचं." आणि हे वर हसत हसत! "तेच बरं आहे," म्हणालीस.

बाबा: त्यावर मी म्हणालो, प्रत्येकाचं काही ना काही असतं.

आत्या: आणि शेवटी काय, तर "उत्तर द्यायला फार वेळ लावला तर सरळ मारून टाकायचं"! तेव्हा माझ्या हातातून झारी पडली. खाली शेजारीण आंघोळ झाल्यासारखी वर बघत होती.

ठकी: थांब, थांब. अगं आई गं...

आत्या: आणि, "गर्दी वाढली तर काळजी नको, तसलेच आणखी शंभर उभे करता येतात"! शंभर, ठके! आम्हाला एकाचं तोंड बघायला मिळालेलं नाही!

बाबा: हसतेय ती. हसा. पाहुणा हसला की आम्हाला समाधान.

ठकी: बाबा... अहो... थांबा, मला श्वास घेऊ द्या. ते फंक्शन म्हणजे समारंभ नाही हो! आमच्यात प्रोग्रॅमच्या छोट्याशा तुकड्याला फंक्शन म्हणतात. त्याला काहीतरी विचारायचं, ते उत्तर देणार. बस. एवढंच त्याचं आयुष्य.

बाबा: आणि सर्व्हर?

ठकी: सर्व्हर म्हणजे तो मोठा कॉम्प्युटर. दिवसभर चालू ठेवावा लागतो, तापतो, बंद पडतो, तो. तुम्ही नाही!

आत्या: म्हणजे चक्कर त्याला येते.

ठकी: त्याला येते. म्हणून मी तसा कॉम्प्युटर न ठेवता नुसता तुकडा लिहिलाय. कोणी विचारलं की जागा होतो, उत्तर देतो, झोपतो. आधीचं काही लक्षात ठेवत नाही. अडकून बसला तर बंद करायचा. खूप जणांनी एकदम विचारलं तर त्याच्याच शंभर नकला उभ्या राहतात. आणि बाहेरून त्याला विचारायची जी खिडकी असते, तिला म्हणतात ए, पी, आय.

आत्या: पितेय की. गरम आहे अजून.

ठकी: चहा नाही गं! ए. पी. आय. नाव आहे ते.

बाबा: एक मिनिट. तो तुकडा मग चालतो कशावर? हवेत?

ठकी: नाही, चालतो सर्व्हरवरच. पण दुसऱ्याच्या, कुठेतरी लांब. आपल्याला दिसत नाही, आपण सांभाळायचा नाही.

बाबा: म्हणजे सर्व्हर आहेत.

ठकी: आहेत.

बाबा: आणि नाव काय, तर सर्व्हर नाहीत.

ठकी: हो. नाव खोटंच आहे तसं.

बाबा: मग मी कालपासून या खोट्या नावापायी उपाशी आहे?

ठकी: तुम्ही जेवला नाहीत काल?

आत्या: नाही. मला म्हणाला, "मी माझ्या हातानं वाढून घेईन, सर्व्हरलेस," आणि ताट तसंच ठेवून उठला.

ठकी: बाबा!

बाबा: ठके, तू मोठ्या ऑफिसात जातेस, काचेच्या इमारतीत. मी हातात ट्रे घेऊन फिरतो. मला त्याचं काही वाटत नाही. पण काल वाटलं, तुला वाटत असेल. चार मोठी माणसं येणार, तिथे बाप बिल्ला लावून ग्लास भरत फिरतोय, हे तुला नको असेल. ते कानावर आलं आणि मी ताटावरून उठलो.

ठकी: अहो, मी ऑफिसात सगळ्यांना तुमचे नॅपकिनचे हंस शिकवलेत. आमच्या साहेबांचं तर अजून बदकच होतं.

बाबा: मान फार जाड दुमडतात लोक.

ठकी: आणि हे फंक्शन मी लिहिलंय कोणासाठी, ते तर विचारा. तुमच्यासाठी लिहिलंय.

बाबा: मला कशाला?

ठकी: तुम्ही जेवायला बसलात की फोन सुरू होतात. "काका, उद्या काळा कोट की पांढरा?" एकाचा ठेवला की दुसऱ्याचा. सगळे सर्व्हर तेच विचारतात. तुम्ही अर्ध्या घासावर उठता. आणि त्या दिवशी काय झालं?

बाबा: तो विषय नको.

ठकी: एका हातात घास, एका हातात फोन, घाईत म्हणालात पांढरा. आणि होतं काय? डॉक्टरांचं संमेलन!

आत्या: अगं बाई! ते कधी झालं? मला कोणी सांगितलं नाही!

ठकी: सगळा हॉल पांढऱ्या कोटांनी भरला. डॉक्टर कोण आणि सर्व्हर कोण, काही कळेना. एका आजींनी बाबांसमोर जीभ बाहेर काढली.

बाबा: मी त्यांना सूप दिलं. म्हणाल्या, दिवसातून किती वेळा? मी म्हणालो, हवं तितक्या वेळा, मॅडम. पुढच्या आठवड्यात हॉलवर फोन आला, गुडघा दुखायचा थांबला म्हणून.

ठकी: म्हणून हे फंक्शन. तारीख टाकायची, ते सांगणार, काळा की पांढरा. शनिवारी लाइव्ह, म्हणजे सुरू, करून तुमच्या सगळ्या पोरांना पाठवणार होते. तुम्ही नीट जेवायचं, एवढीच माझी अपेक्षा.

बाबा: हं.

ठकी: हं काय?

बाबा: काही नाही. डोळ्यात वाफ गेली चहाची.

आत्या: हे सगळं ठीक आहे. छान आहे. माझं काय?

ठकी: तुझं काय?

आत्या: मी सगळ्यांना सांगून बसलेय ना! मामा, मोठी काकू, खालची शेजारीण, तिची नणंद, माझा नवा चष्मा करून देणारे दुकानदार. म्हटलं शनिवारी फंक्शन आहे, लाइव्ह आहे, म्हणजे गाणारे येणार. आणि सर्व्हरलेस आहे, तेव्हा आपापलं ताट आपणच वाढून घ्या, कोणाची वाट बघू नका!

ठकी: आत्या!

आत्या: काकू तर म्हणाली, घरून डबाच आणते.

ठकी: बाबा, तुम्ही तरी कोणाला बोलला नाहीत ना?

बाबा: मी... फक्त हॉलमधल्या पोरांना.

ठकी: काय सांगितलंत?

बाबा: सांगितलं, माझ्या मुलीचं फंक्शन आहे आणि तिला सर्व्हर नकोत. सगळी पोरं माझ्याभोवती जमली. मग म्हणाली, काका, तिला नकोत तर आम्ही दिसणार नाही. साध्या कपड्यात येतो, पाहुण्यांसारखे बसतो. कोणाचा ग्लास रिकामा झाला की हळूच उठायचं, भरायचा, परत येऊन बसायचं. कोणाला पत्ता लागणार नाही. मी म्हणालो, ठीक आहे, मीही तसाच येतो. मागच्या रांगेत बसतो.

ठकी: म्हणजे सर्व्हर असणार, पण दिसणार नाहीत. बोलावलं की उठणार, काम करणार, परत बसणार.

बाबा: हो.

ठकी: बाबा, यालाच म्हणतात सर्व्हरलेस.

बाबा: खरंच?

ठकी: अगदी हेच. नावासकट.

बाबा: मग एवढं शिकायला तुला बाहेरगावी कशाला पाठवलं आम्ही?

आत्या: आता तो फोन इकडे आण. बघू दे त्या झोपाळूचं तोंड. मी विचारते. काय रे, शनिवारी मी कुठला ड्रेस घालू?

ठकी: बोलायचं नाही, लिहायचं. आणि फक्त तारीख.

आत्या: लिहिलं. "ड्रेस". हे बघ काय म्हणतंय! "चुकीची माहिती." चुकीची? माझी? उद्धट आहे गं हे.

बाबा: ठके, हे असं नाही चालायचं. समोरच्याला चूक म्हणायचं नसतं. "माफ करा, तारीख सांगाल का?" असं लिही.

ठकी: बरं, लिहिते. आता तुम्ही विचारा. शनिवार टाका.

बाबा: टाकला. हं. काहीच नाही. बंद पडलं.

ठकी: झोपलंय. पहिल्या हाकेला उठायला जरा वेळ लावतं.

आत्या: मघाशी तर बरं पटकन उद्धटपणा केलास रे!

ठकी: चूक असली तर बाहेरची खिडकीच परत पाठवते, याला आत उठवायला जात नाही.

बाबा: आलं! "पांढरा." बरोबर आहे, शनिवारी पांढराच. रविवार? "काळा." हेही बरोबर. हुशार आहे गं. आवाज न करता काम करतं. कामावर ठेवलं असतं मी याला.

ठकी: आणखी एक तारीख टाका. पुढच्या महिन्याची वीस.

बाबा: वीसला काही नाहीये. मोठा हॉल रिकामा आहे, मी स्वतः फळ्यावर बघितलंय. रेघ मारलीये.

ठकी: रेघ आहे ना? नुसता रिकामा असता तर रेघ कशाला मारली असती?

बाबा: असेल रंगकाम वगैरे.

ठकी: टाका तर खरं.

(बाबा तारीख टाकतात. मग खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर लावतात आणि फोन खिडकीपाशी नेतात.)

आत्या: काय म्हणतंय? अरे, बोल ना! काळा की पांढरा?

बाबा: "कोट नको. पहिल्या रांगेत बसा."

आत्या: म्हणजे काय? हे असं का सांगतंय? बिघडलं का?

बाबा: ठके?

ठकी: हो.

बाबा: चष्मेवाला?

ठकी: हो. तोंडानं सांगायला जमत नव्हतं, म्हणून यात लिहून ठेवलं. मला वाटलं होतं शनिवारी तुम्ही आपणहून एकेक तारीख टाकून बघाल, तुमची तपासायची सवय मला ठाऊक आहे. मोठा हॉल मीच धरलाय. मॅनेजरना गप्प राहायला सांगितलंय.

आत्या: बघ! बघ! माझ्या कानांना हसत होतीस ना? मी म्हटलं नव्हतं? नुसतं ऑफिसचं काम असतं तर माणूस तासभर बोलतो होय फोनवर! थांबा, सगळ्यांना परत फोन करते. फंक्शन रद्द नाही, पुढे गेलंय. आणि ठके, ते डोक्यात काही न राहणारं, ते तो नाही ना?

ठकी: नाही, आत्या. त्याला सगळं आठवतं. तुझ्या हातातून झारी पडली तेही त्यानं फोनवरून ऐकलंय.

आत्या: शी! आता मी कुठल्या तोंडानं भेटू त्याला? काकूचा डबा मात्र नको हं. फोन कुठाय माझा? खोलीत राहिला वाटतं.

बाबा: आणि सर्व्हर, त्या दिवशी?

ठकी: सगळे. साध्या कपड्यात नाही. बिल्ला लावून.

बाबा: मुख्य सर्व्हरपण?

ठकी: त्याला बसायचंय. वाचलंत ना?

बाबा: मी कधी बसलो नाही गं हॉलमध्ये. तिथून सगळं कसं दिसतं, मला माहीतही नाही.

ठकी: तर मग बघा.

बाबा: ठके.

ठकी: काय?

बाबा: परत एकदा विचारू का त्याला, वीस तारखेचं?

ठकी: आत्ताच तर सांगितलं की त्यानं, बाबा.

बाबा: त्याला कुठे आठवतंय.